आधी यादी, मग मागणी

नवी मुंबई महापालिकेची निवडणूक एप्रिल २०१५ मध्ये झाली आणि त्यानंतर थेट १५ जानेवारी २०२६ ला. सभागृहाची मुदत मे २०२० मध्येच संपली होती, तिथून पुढे सगळा कारभार प्रशासकांच्या हाती. आमच्या कोपरखैरण्यात या काळात अठरा पूर्ण केलेल्या मुलामुलींनी आमदारकीला मत दिलं, खासदारकीला दिलं, पण आपल्या भागाचा नगरसेवक निवडायची संधी त्यांना मिळालीच नव्हती. म्हणून निवडणूक लागणार अशी चिन्हं दिसायला लागली तेव्हा आम्ही शेजारपाजारच्या काही जणांनी ठरवलं, की यंदा नुसतं मत देऊन घरी बसायचं नाही. कुठल्या पक्षाचं काम करायचं नाही, पण राजकारणापासून चार हात लांबही राहायचं नाही.

आमच्यात मसाला मार्केटमधून निवृत्त झालेले एक मुकादम होते, त्यांना सगळे आबा म्हणतात. महापे एमआयडीसीत शिफ्ट करणारा एक मुलगा, शिकवणी घेणारे एक सर, शेजारच्या दोन वहिनी आणि मी. मी वाशीला एका ऑफिसात अकाउंट्स बघते. पहिल्या बैठकीत प्रत्येकाच्या डोक्यात एकच गोष्ट होती: मागण्यांचा एक कागद तयार करायचा आणि जो उमेदवार दारात येईल त्याच्या हातात द्यायचा. आबा सगळं ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "मागण्या लिहा. पण मागणाऱ्याचं नाव यादीत आहे का, ते आधी बघा. दारात येणारा माणूस हातात यादी घेऊन येतो. त्यात आपलं नाव नसलं की तो हात जोडतो आणि पुढच्या दारात जातो."

आबांनी आयुष्यभर टोळीची हजेरी लावली. हजेरीत नाव नसेल तर कितीही गोण्या वाहिल्या तरी मजुरी निघत नाही, हे त्यांनी बघितलेलं. त्यांच्या बोलण्यावरून आमच्या कामाचा क्रम ठरला आणि मला आजही वाटतं, की ज्या कुणाला आपल्या भागात असं काही सुरू करायचंय त्याने सुरुवात यादीपासूनच करावी.

यादी म्हणजे एकच काहीतरी असते असा आमचा समज होता. तसं नाही. विधानसभेची मतदार यादी भारत निवडणूक आयोगाची. नवीन नाव घालायला नमुना ६, नाव कमी करायला नमुना ७, पत्ता बदलला किंवा तपशील चुकला तर नमुना ८, हे सगळं त्या यादीसाठी. महापालिकेची निवडणूक घेतो राज्य निवडणूक आयोग. तो स्वतःची वेगळी यादी बनवत नाही, विधानसभेचीच यादी घेतो आणि प्रभागांप्रमाणे विभागतो. यावेळी १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. त्यामुळे त्यानंतर ज्यांनी नाव नोंदवलं त्यांना जानेवारीत मतदान करता येणार नव्हतं. प्रभागाच्या प्रारूप यादीवर हरकत घेऊन नवीन नाव घालता येत नाही. नाव चुकून दुसऱ्या प्रभागात गेलं असेल, लिहिण्यात चूक असेल, किंवा विधानसभेच्या यादीत असलेलं नाव प्रभागाच्या यादीत आलं नसेल, एवढंच दुरुस्त होतं. हे आधी नीट समजून घेतलं म्हणून लोकांना खोटी आशा दाखवावी लागली नाही. ज्याचं नाव कुठेच नाही त्याला आम्ही सरळ सांगायचो, "दादा, या निवडणुकीला नाही होणार, पण नमुना ६ आजच भरून टाका."

यावेळी आमच्याकडे आणखी एक गोष्ट नवी होती. २०१५ पर्यंत नवी मुंबईत एका प्रभागाचा एक नगरसेवक असायचा. आता एकूण १११ जागा २८ प्रभागांत बसवल्या. सत्तावीस प्रभागांत चार-चार आणि एकात तीन. प्रभाग एकदम मोठे झाले. प्रभागाची हद्द रस्ता, नाला, जनगणनेचे गट बघून ठरते, तर मतदार यादीचा प्रत्येक भाग मतदान केंद्राप्रमाणे असतो. दोन्हींचा मेळ बसेलच असं नाही. एखाद्या यादी भागाच्या मधूनच प्रभागाची हद्द गेली, तर त्या भागातलं एकेक नाव पत्ता वाचून इकडे की तिकडे ते ठरवावं लागतं. आणि आमच्याकडचे पत्ते! सिडकोने बांधलेली एसएस टाइपची बैठी घरं, आता बहुतेकांची तीन-तीन मजल्यांची झालेली. तळाला मालक, वर दोन बिऱ्हाडं, सगळ्यांचा रूम नंबर एकच. यादीत कुणाच्या पत्त्यात सेक्टर आहे तर रूम नंबर नाही, कुणाचा रूम नंबर आहे तर सेक्टर नाही. कुणाच्या नावापुढे नुसतंच 'कोपरखैरणे'. अशा पत्त्यावरून हद्दीच्या अलीकडचा माणूस पलीकडे जाणं अगदी सहज शक्य असतं. म्हणून तर आधी प्रारूप यादी काढतात आणि लोकांकडून हरकती मागवतात. त्या यादीकडे कुणी बघितलंच नाही, तर जे छापलंय तेच अंतिम होतं.

प्रारूप यादी २० नोव्हेंबरला आली. हरकतींची मुदत आधी २७ नोव्हेंबरपर्यंत होती, ती पुढे ३ डिसेंबरपर्यंत वाढली. मुदत वाढली ते बरंच झालं, कारण नोकरी करणाऱ्या माणसाच्या हातात संध्याकाळ तेवढी असते.

यादी वाचायची कशी, हे सांगायला हवं. ती आडनावाप्रमाणे लावलेली नसते. पीडीएफमध्ये नाव टाइप करून शोधायला गेलं तर सापडत नाही, डोळ्यांनीच पानं चाळावी लागतात. एकेकट्याचं नाव आयोगाच्या संकेतस्थळावर शोधता येतं, पण आम्हाला अख्खी गल्ली तपासायची होती. सरांनी आमच्या भागाची पानं झेरॉक्सवाल्याकडून छापून आणली. आमच्या हॉलमध्ये सतरंजीवर ती पसरली, की घरात पाय ठेवायला जागा उरायची नाही. एक जण मोठ्याने नाव आणि पत्ता वाचायचा, वहिनी घर ओळखून सांगायच्या, "हे आपल्यातले, हे पलीकडच्या सेक्टरचे, हे घर विकून उलव्याला गेले." पेन्सिलीने बरोबर, चौकोन, प्रश्नचिन्ह. वहिनींना अख्खी गल्ली तोंडपाठ. कुणाची सून कुठली, कुणाचा मुलगा वेगळा राहतो, वरच्या मजल्यावरचे भाडेकरू कधी बदलले, असली माहिती कुठल्याही संगणकात नसते. त्या दोघी नसत्या तर आम्ही पहिल्या पानावरच अडकलो असतो. भिशी, हळदीकुंकू, शाळेच्या गेटवरच्या गप्पा यांतून जमलेली ही ओळख राजकीय कामात किती मोलाची आहे, हे पक्षवाल्यांना नीट माहीत असतं. आपल्यासारख्यांनी ती स्वतःसाठी कधी वापरली नाही, एवढंच.

मग घरोघरी जाणं. निघण्याआधी आपापसांत काही गोष्टी पक्क्या केल्या होत्या. कुणाला मत देणार, हे विचारायचं नाही. आधार कार्डाचा फोटो मोबाइलवर घ्यायचा नाही. कुणाची माहिती ग्रुपवर टाकायची नाही. अर्ज त्या माणसाने स्वतः भरायचा, आपण शेजारी बसून सांगायचं. लिहिता येत नसेल तर लिहून द्यायचं, पण वाचून दाखवूनच सही किंवा अंगठा घ्यायचा. हे आधी ठरवलेलं असल्यामुळे लोक दार उघडायचे. "कुठल्या पक्षाकडून आलात?" हा पहिला प्रश्न ठरलेला. "कुठल्याच नाही, मागच्या गल्लीतून आलो," म्हटलं की क्षणभर विश्वास बसायचा नाही, मग आत बोलवायचे.

सगळ्यात अवघड विषय निघाला तो दुबार नावांचा. यंदाच्या प्रभाग यादीत संभाव्य दुबार मतदारांपुढे दोन तारे छापले होते. असा तारा असलेल्या माणसाला आपण कुठे मत देणार ते लिहून द्यावं लागत होतं. ज्यांच्याशी आधी संपर्क झाला नाही त्यांच्याकडून मतदान केंद्रावर हमीपत्र घेणार होते. पण आमच्या भागातला खरा प्रश्न या ताऱ्यांच्या पलीकडचा होता. इथली निम्मी वस्ती माथाडी कुटुंबांची. जावळी, पाटण, वाईकडची माणसं मुंबईच्या बाजारात आली, बाजार इकडे हलले तशी त्यांच्यामागोमाग नवी मुंबईत आली. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्यांना पगार, फंड, दवाखाना मिळाला आणि पुढे या वसाहतीत घरं मिळाली. पण कित्येकांचं मतदान अजून गावात. काहींचं तिकडे आणि इकडेही.

एक काका, वय सत्तरीच्या पुढे. ओट्यावर बसले होते, गुडघ्याला तेल चोळत. यादीत त्यांचं नाव आमच्याच प्रभागात बरोबर होतं, मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "हे पोराने टाकलंय. माझं मतदान गावाला." मी म्हटलं, काका, दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. ते ऐकून घेत होते, पण चेहरा उतरला. "गावातून नाव कमी केलं म्हणजे गाव सुटलं की," ते म्हणाले. "भावकीत उद्या शब्द निघाला, तर म्हणतील तू कोण बोलणार, तुझं तर मत पण नाही इथं."

मी गप्प बसले. ते चुकीचं बोलत नव्हते. गावात जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर होती आणि भावकीचे फोन येत होते. आबा माझ्या शेजारी होते. त्यांनी कायदा नाही काढला. विचारलं, "दवाखान्याला कुठे जातोस?" काका म्हणाले, वाशीला. "पाणी कुणाचं पितोस? नातू कुठल्या शाळेत?" मग आबा म्हणाले, "गावात घर आहे तुझं, ते कुणी नेत नाही. जमिनीला मतदार यादी लागत नाही, सातबारा लागतो. आता तू राहतोस कुठे, ते तू ठरव. आम्ही सांगणार नाही."

कायदाही हेच बघतो: माणूस सर्वसाधारणपणे राहतो कुठे. नुसतं घर मालकीचं आहे म्हणून कुणी तिथला रहिवासी ठरत नाही. काकांनी त्या दिवशी काही सांगितलं नाही आणि आम्हीही पुन्हा तगादा लावला नाही. नंतर त्यांच्या सुनेने सांगितलं, की त्यांनी गावच्या यादीतून नाव कमी करायला नमुना ७ भरला. आणखी एका घरातल्या आजोबांनी उलटं केलं, इथलं नाव काढलं आणि गावचं ठेवलं, कारण ते वर्षातले आठ-नऊ महिने तिकडेच असतात. दोन्ही बरोबर. स्वयंसेवकाने इथे फक्त नियम सांगावा आणि अर्ज पुढे करावा. आपल्या प्रभागातली मतं वाढावीत म्हणून कुणाला ओढणं हे काम नव्हे.

लग्न होऊन आलेल्या मुलींचं वेगळंच. माहेरच्या यादीत जुन्या आडनावाने नाव, सासरी काहीच नाही. त्यातल्या एकीने विचारलं, "ताई, मी दहा वर्षं इथे राहते, मला कुणी विचारलं कसं नाही?" तिच्यासाठी या निवडणुकीला काही करता येत नव्हतं. नमुना ८ भरून घेतला आणि तीच मुलगी पुढे आमच्याबरोबर घरोघरी फिरली.

हद्दीवरच्या एका रांगेतली घरं पलीकडच्या प्रभागात गेलेली सापडली. तिथल्या प्रत्येक मतदाराचा अर्ज भरून घेतला. सोबत ओळखपत्राची प्रत आणि पत्त्याचा पुरावा. आमच्यातल्या एमआयडीसीतल्या मुलाने प्रभागाच्या नकाशाची प्रिंट काढून त्यावर ती रांग लाल पेनाने दाखवली आणि प्रत्येक अर्जाला जोडली. तो नकाशा फार उपयोगी पडला. अर्ज घेणाऱ्या कर्मचाऱ्याला अख्ख्या कोपरखैरण्याची गल्ली न् गल्ली कशी माहीत असणार? नकाशा बघितल्यावर त्यांनी स्वतःच विचारलं, "ही पूर्ण रांग का? मग सगळ्यांचं एकत्रच बघायला लागेल." नंतर पाहणीला माणूस आला तेव्हा रांगेतले लोक घरात हजर राहतील एवढं आम्ही बघितलं. अर्ज देताना पोहोच घ्यायची, म्हणजे आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. ती प्रत ज्याची त्याच्याकडे ठेवायला दिली. अंतिम यादीत ती रांग आमच्या प्रभागात आली. आबांनी प्रत्येक घरात जाऊन यादीतला नवा क्रमांक स्वतः सांगितला.

घरोघरी फिरताना आणखी एक काम होत होतं. वहिनींच्या हातात एक वही. प्रत्येक घरात शेवटी एकच प्रश्न: "महापालिकेकडून तुम्हाला एक गोष्ट हवी असेल तर कोणती?" वही भरली. मग बसून ती वाचली, आणि तेव्हा कळलं की निम्म्या मागण्या महापालिकेच्या नाहीतच. घराच्या लीजचं आणि हस्तांतराचं सिडकोकडे. वीजबिल महावितरणचं. ठाणे-वाशी लोकल वाढवायच्या, तर रेल्वे. पाणी मात्र नक्की महापालिकेचं, मोरबे धरणच महापालिकेच्या मालकीचं आहे. नगरसेवकाच्या हातात नसलेली गोष्ट त्याच्याकडे मागितली, की तो आनंदाने हो म्हणतो, कारण पुढे 'मी तर प्रयत्न केला' म्हणायला मोकळा. म्हणून ज्याचं त्याला वेगळं केलं. सिडकोचं आणि रेल्वेचं आमदार-खासदारांसाठी बाजूला ठेवलं. उरलेल्यातून तीन मागण्या निवडल्या. अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत उघडी राहावी, कारण पोलीस भरती आणि एमपीएससीची तयारी करणाऱ्या मुलांना एका खोलीच्या घरात बसायला जागा नसते. बाजाराच्या रस्त्यावर बायकांसाठी स्वच्छतागृह हवं. आणि चारही नगरसेवकांनी दर तीन महिन्यांनी प्रभागात एकत्र खुली बैठक घ्यावी.

स्वच्छतागृहाची मागणी भाजीवाल्या ताईकडून आली. ती पहाटे तुर्भ्याच्या मार्केटमधून माल आणते आणि दुपारपर्यंत रस्त्याच्या कडेला बसते. वहिनींनी विचारलं तर तिने मेथीची जुडी निवडतानिवडताच सांगितलं, "मी घरी जाईपर्यंत पाणी पीत नाही." एवढंच. पुढच्या गिऱ्हाइकाला तिने भाव सांगितला. त्या रस्त्यावर आम्ही रोज भाजी घेतो, आणि हे कुणाच्याच वहीत नव्हतं. नंतर इतर भाजीवाल्यांना विचारलं तर प्रत्येकीचं तेच. ही मागणी आम्ही पहिली लिहिली.

१५ डिसेंबरला निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहिता लागली. मोठी सभा घ्यायची तर परवानग्या, हॉल, लाऊडस्पीकर, सगळंच आलं. ते आम्हाला झेपणारं नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती. उमेदवार स्वतःच गल्लीत येतात. आम्ही एका पानाचा कागद केला, वर तीन मागण्या, खाली उमेदवाराचं नाव आणि सहीची जागा. जो येईल त्याला तोच कागद, तेच तीन प्रश्न, त्याच शब्दांत. एका प्रभागात चार नगरसेवक, म्हणजे पॅनेल, असलं की एक गंमत असते: चौघांतला प्रत्येक जण म्हणू शकतो की ते काम दुसऱ्याकडे आहे. खरं तर चारही नगरसेवक अख्ख्या प्रभागाचे असतात, गल्ल्या वाटून दिलेल्या नसतात. म्हणून सही प्रत्येकाची वेगळी मागितली.

प्रश्न विचारायचं काम आम्ही केलं नाही. अभ्यासिकेचं तिथे बसणाऱ्या मुलाने विचारलं, स्वच्छतागृहाचं भाजीवाल्या ताईने. हार-तुरे, घोषणा, पुढे ढोल, आणि मधे ती ताई कागद घेऊन उभी. उमेदवार थांबले. काहींनी वाचून सही केली. काहींनी "बघतो" म्हणून कागद खिशात घातला, काहींनी सोबतच्या कार्यकर्त्याकडे दिला. सगळ्यांचं आम्ही जसंच्या तसं लिहून ठेवलं. कुणाची बाजू घेतली नाही. सही केली म्हणजे चांगला आणि नाही केली म्हणजे वाईट, असंही म्हटलं नाही. विचारणाऱ्याला उत्तर काय मिळालं, ते त्याने स्वतः ऐकलं होतं.

शेवटच्या आठवड्यात लोकांचा सगळ्यात मोठा गोंधळ होता चार मतांचा. "चार मतं म्हणजे एकाच पक्षाला द्यायची का?" "एकच दिलं तर चालेल का?" सरांनी पुठ्ठ्यावर अ, ब, क, ड अशा चार जागा रंगीत कागद लावून करून दाखवल्या: पांढरा, फिकट गुलाबी, फिकट पिवळा, फिकट निळा. प्रत्येक जागेसाठी एक बटण, कुणीच नको असेल तर त्या जागेचं नोटा, आणि चारही झाल्यावरच बीप वाजतो. चौघं वेगवेगळ्या पक्षांचे असले तरी चालतं. जाहीर प्रचार १३ तारखेला संपला, १४ ला संक्रांत. तिळगूळ द्यायला बायका एकमेकींकडे जातात, तेव्हा वहिनींनी तो पुठ्ठा घरोघरी नेला. कुणाचंही नाव न घेता नुसतं बोट ठेवून दाखवायचं. म्हाताऱ्या बायकांनी चार-चार वेळा बटण दाबून बघितलं.

मतदानाच्या दिवशी विशेष सांगण्यासारखं नाही. आपापलं मत दिलं, आणि यादीतला क्रमांक सापडत नसलेल्यांना तो शोधून दिला. हद्दीवरच्या त्या रांगेतले बहुतेक जण मतदानाला आले.

निकालानंतर पक्षाचे कार्यकर्ते थांबतात, तिथून पुढे स्वयंसेवकाचं काम आहे असं मी म्हणेन. निवडून आलेल्या चारही नगरसेवकांच्या नावाने एकच पत्र केलं, सह्या केलेल्यांच्या कागदाची प्रत जोडली, विभाग अधिकाऱ्यांना प्रत दिली आणि पोहोच घेतली. पहिली खुली बैठक सोसायटीच्या आवारात झाली. चौघांपैकी सगळे आले नाहीत, पण जे आले ते खाली लोकांत बसून ऐकून गेले. तिथे सरांनी क्षेत्र सभेचा विषय काढला. महानगरपालिका अधिनियमात २००९ साली ही तरतूद आली: प्रभागातल्या छोट्या क्षेत्राची सभा, आणि त्या क्षेत्रातल्या मतदान केंद्रांच्या यादीत ज्यांचं नाव आहे ते सगळे तिचे सदस्य. गावाला जशी ग्रामसभा, तसं शहरातल्या माणसाला बोलायला हक्काचं ठिकाण. ती आमच्याकडे सुरू व्हावी, ही आता आमची चौथी मागणी आहे. यादी बरोबर ठेवण्याचं कारणही त्यामुळे आणखी पक्कं झालं.

नाव नोंदवायला आता वर्षातून चार तारखा धरतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्जही करता येतो. एमआयडीसीतला मुलगा आणि आमच्याबरोबर फिरलेली ती सूनबाई मिळून अभ्यासिकेतल्या मुलांचे नमुना ६ भरून घेताहेत. अभ्यासिकेची वेळ वाढवण्याचं पत्र त्या मुलांनीच लिहिलं, मी फक्त एक-दोन वाक्यं लहान केली.

स्वच्छतागृहाचं काम अजून कागदावर आहे. जागा बघून गेले, पुढे काय ठरलं ते कळेना. म्हणून माहितीच्या अधिकारात अर्ज केला: या रस्त्यावरच्या स्वच्छतागृहासाठी अर्थसंकल्पात तरतूद आहे का, असल्यास किती, आणि जागेच्या पाहणीचा अहवाल. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांत लागतो, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तर तीस दिवसांत यायला हवं. नाही आलं तर पहिलं अपील. अर्जावर अर्जदार म्हणून भाजीवाल्या ताईचं नाव आहे आणि सही तिचीच. आम्ही लिहून देतो म्हटलं होतं, पण पाण्याचं वाक्य तिने सांगितलं तसंच ठेवायला लावलं. माहितीच्या अर्जात ते बसत नाही असं सरांचं मत पडलं, तेव्हा तिने वेगळ्या कागदावर ते लिहून घेतलं आणि तो कागद चारही नगरसेवकांना स्वतः नेऊन दिला.